ब्रेकबाई आणि खोळंबलेला राजा

आमच्या ताईला तोंडावर सगळे मॅडम म्हणतात आणि पाठीमागे ब्रेकबाई. गाडी शिकवते ती. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो, आणि आमच्या ताईच्या गाडीत तोच आधी झिजतो. मी तिची धाकटी बहीण. फोन मी उचलते, वेळा मी लावते, रडत परत आलेल्यांना पाणीही मीच देते. ऑफिस म्हणजे काय, आमच्याच घराची पुढची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता आणि दारापाशी किल्ल्यांचा खिळा. 'आपण दोघींनी निम्म्या गावाला गाडी शिकवली' असं ताई चारचौघांत सांगते. दोघींनी कसली डोंबलाची! शिकवलं तिने, मी नुसती लोकांची समजूत काढत बसले.

तिचा नियम एकच, आणि तो म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मैदान पक्कं झाल्याशिवाय हमरस्ता नाही. शाळेमागच्या मोकळ्या मैदानात गोल फिरा, आठचा आकडा काढा, मागे घ्या, पुढे घ्या, पुन्हा मागे घ्या. कुणी हातापाया पडलं तरी ती बधत नाही. बँकेतला एक कॅशियर तिथे इतका फिरला की त्याची बायको डबा घेऊन मैदानातच यायला लागली. पण ताईच्या हाताखालून गेलेल्या माणसाने आजवर कुणाच्या गाडीला साधा ओरखडा काढलेला नाही, हे मात्र मान्य करावं लागतं.

तर समोरून ट्रक अंगावर आला तरी जिची पापणी लवत नाही, ती ही बाई यंदा सुट्टीत एका दहा वर्षांच्या पोरीला घाबरली.

झालं असं, की ताईच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, गेल्या वर्षी लग्न केलं. तो दुसऱ्या शहरात असतो. बायकोला आधीच्या लग्नाची एक मुलगी आहे. लग्नात ती पोर आईच्या मागे लपून उभी होती आणि ताईने पुढे केलेलं चॉकलेट तिने दोन बोटांत धरून टेबलावर ठेवून दिलं होतं. आता त्यांना घर बदलायचं होतं, सामानाची बांधाबांध होती, म्हणून आठवडाभर मुलीला आमच्याकडे ठेवायचं ठरलं. मुलगी कबूल झाली, पण अट घालून. आवडलं नाही तर ती फोन करणार आणि त्यांनी त्याच दिवशी येऊन तिला घेऊन जायचं.

भाच्याने हे हसत हसत सांगितलं. ताई हसली नाही. फोन ठेवून ती खुर्चीत बसली ती उठेचना.

"धाकटे, तिने फोन केला ना, तर संपलं गं. एकदा गेली की ती पुन्हा या घरात पाऊल टाकायची नाही."

तिचे डोळे चक्क भरले होते.  ताईला आजी व्हायचं होतं, बाकी काही नको होतं तिला, आणि हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं इतकंच.

"मग विचार ना, पोरीला आवडतं काय ते," मी म्हटलं. "इथे बसून टिपं गाळून काय होणार?"

पुन्हा फोन लावला. पोरीला आवडायचा एक खेळ. खेळ म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा तो, जपानी. तलवार घेऊन गावोगाव हिंडायचं, लोकांशी गप्पा मारायच्या, वाटेत राक्षस भेटतील त्यांना बडवायचं आणि सरतेशेवटी जग वाचवायचं. बरं, हा एक नाही. याचे पंधरा भाग! पहिला भाग आला तेव्हा माझा भाचा जन्मालाही आला नव्हता.

"कुठूनही सुरू कर, आई. प्रत्येक भागाची गोष्ट वेगळी आहे," तो म्हणाला.

"कुठूनही म्हणजे?" ताई कडाडली. "चौथ्या गिअरमध्ये गाडी सुरू करतं का कुणी?"

झालं. त्या दिवसापासून गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न, तोही भर चालवताना. दाताची डॉक्टरीण डावीकडे वळत होती. ताईने विचारलं, कुठून सुरू करू? डॉक्टरीण म्हणाली, "सहाव्यापासून, मॅडम, सहावा! त्यात ती मैत्रीण मरते ना, तेव्हा मी दवाखाना बंद ठेवून रडले होते," आणि आठवणीने डोळे पुसायला तिने स्टिअरिंग सोडलं आणि गाडी फुटपाथवर चढली. कॅशियरचं म्हणणं, सगळ्यात नवा घ्या, त्यात गवताचं पातं न् पातं हलतं. (मैदान सोडून कधी गवत बघायला मिळालं नाही ना बिचाऱ्याला.) एका गवंड्याने सांगितलं, दहावा, कारण त्यात घर बांधता येतं. मग कॅशियर आणि गवंडी आमच्या ऑफिसात समोरासमोर आले आणि पंधरावा श्रेष्ठ की दहावा यावरून असे काही भांडले की मला दोघांना दोन दारांनी बाहेर काढावं लागलं. घराला दोन दारं आहेत याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

शेवटी आम्ही दुकानात गेलो. दुकानदार चाळिशीचा, केसांची पोनी बांधलेला, भारी जीव लावून बोलणारा.

"काय वाट्टेल ते घ्या, मावशी, फक्त पहिला घेऊ नका," त्याने हातच जोडले. "फार जुना आहे. चित्रं ठिपक्याठिपक्यांची, काही धड समजत नाही. पहिल्यापासून सुरू करणारे सगळे पळून जातात."

"माझ्याकडचे पण पहिल्या दिवशी पळायला बघतात," ताई म्हणाली. "पहिला द्या."

भाच्याचं खेळाचं जुनं मशीन कपाटात होतंच. दुपारी, दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात, ताई टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसली. पाठ ताठ, सीट पुढे. हिरोला नाव द्यायचं होतं, तिने दिलं 'शिकाऊ'. लगेच एक पत्र आलं: शूरवीर शिकाऊ, राज्यावर संकट आलं आहे, राजाने तुला तातडीने बोलावलं आहे. शिकाऊ हातात लाकडी दांडकं घेऊन गावाबाहेर पडला आणि पहिल्याच वळणावर त्याच्यासमोर एक डोळे वटारलेला भोपळा टुणकन येऊन उभा राहिला.

मला वाटलं, आता ताई किंचाळणार. पण भोपळा काही करेना. नुसता थांबला.

"हा का थांबलाय?"

मी पुस्तिका वाचली. "तुझी पाळी आहे म्हणून. तू एक फटका मारायचा, मग तो मारणार, मग पुन्हा तू."

"म्हणजे मी मारेपर्यंत तो थांबणार? मधे नाही घुसणार?" ताईचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "धाकटे, अगं, राक्षससुद्धा पाळीने येतात! आणि आपल्या चौकातली माणसं बघ!"

तिने भोपळ्याला इतक्या प्रेमाने बडवलं की मला त्याची दया आली. मग दुसरा आला. मग तिसरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भोपळे. हॉलमधून रोज दुपारी आरोळ्या ऐकू यायच्या, "ये बाळा, ये, तुझी पाळी! शाब्बास! आता माझी!" मी ऑफिसात फोनवर लोकांना सांगायची, मॅडम जरा कामात आहेत.

आता मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी एवढं दिसत होतं की तिकडे राजा ताटकळलाय आणि ही बाई गावाच्या वेशीवरून हलत नाहीये. तीन आठवडे! मी एकदा विचारलंसुद्धा.

"राजा थांबेल," ताई म्हणाली. "आधी हात बसू दे. मैदान पक्कं झाल्याशिवाय हमरस्ता नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला.

मुलगी आली त्या दिवशी ताईने सकाळपासून दोनदा साडी बदलली आणि शिकवणीत चक्क एकदाही ब्रेक दाबला नाही. भाचा पोरीला सोडून, एक कप चहा पिऊन गेला. पोर सोफ्याच्या कडेवर बसली. पाठीवरची सॅक काढली नाही, पायातले बूट काढले नाहीत, हातात फोन घट्ट धरलेला.

"दूध घेशील?" ताईने विचारलं.

"नको."

"पंखा लावू?"

"नको."

"प्रवास कसा झाला?"

"बरा." मग तिने फोनकडे बघितलं. "इथून आमच्या घरी यायला किती वेळ लागतो? म्हणजे बाबांना परत बोलावलं तर?"

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. मला तिच्याकडे बघवेना आणि गप्पही बसवेना. मला गप्प बसणं जमत असतं तर मी या घरात इतकी वर्षं टिकलेच नसते.

"अगं, ही तुझा तो खेळ खेळते," मी बोलून टाकलं. "तो जपानी. राक्षसांचा."

ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी गाडीत असते तर गाडी जागच्या जागी थांबली असती. पोरीने पहिल्यांदा मान वर केली.

"कितवा भाग?"

"पहिला," ताई पुटपुटली.

"पहिला?" पोरीच्या भुवया पार वर गेल्या. "पहिला कुणीच खेळत नाही."

"का गं?"

"सगळे म्हणतात ना, नका खेळू म्हणून. मी अकरावा खेळले, कारण शेजारच्या दादाकडे तोच होता. मग आठवा, मग बारावा. पण पहिला मी कध्धीच नाही पाहिला." थोडं थांबून ती म्हणाली, "कुठपर्यंत पोचलात तुम्ही?"

ताई लाजली. माझी ताई, लाजली! तिने टीव्ही लावला. गावाची वेस, चार झाडं, आणि दांडकं घेऊन उभा असलेला शिकाऊ. पोर सॅकसकट पुढे सरकली. तिने कोपऱ्यातला, राक्षस मारला की वाढणारा ताकदीचा आकडा वाचला. मग पुन्हा वाचला.

"लेव्हल एकेचाळीस? अजून पहिल्याच गावात?"

"हात बसवत होते."

"राजाने बोलावलंय ना पण?"

"राजा थांबलाय," ताई अपराध्यासारखी म्हणाली.

पोरीने ओठ मिटून धरायचा प्रयत्न केला. जमलं नाही. आधी नाकातून एक आवाज आला आणि मग जी खो खो सुटली ती सोफ्यावर आडवीच झाली. "राजा थांबलाय!" म्हणून पुन्हा हसायची. "भोपळे मारून मारून एकेचाळीस!" ताई आधी गोरीमोरी झाली, मग तिलाही हसू फुटलं, आणि मग मी काय मागे राहणार? तिघी पोट धरून हसत होतो आणि बाहेर कॅशियर बेल वाजवून वाजवून दमला होता.

पोरीने सॅक उतरवली आणि बूट भिरकावले. "चला, राजाकडे जाऊ."

राजाने गुहेत पाठवलं. गुहेच्या तळाशी सात मुंड्यांचा राक्षस बसला होता. त्याने आधी लांबलचक भाषण ठोकलं. तुझी राख करीन, तुझ्या सात पिढ्या आठवण काढतील, वगैरे वगैरे. ताईने पोरीचा हात धरला. पोरीने श्वास रोखला. पहिली पाळी शिकाऊची. ताईने बटण दाबलं, शिकाऊने दांडकं उगारलं, आणि एका फटक्यात सातही मुंड्या आडव्या!

 मग दोघींनी जी किंकाळी फोडली ती ऐकून कॅशियर धावत आत आला. त्यालाही पडदा दाखवला, तर तो खुर्चीत कोसळून म्हणाला, "दांडक्याने?" पोर उड्या मारत होती, "दांडक्याने! दांडक्याने!" त्या दिवशी ताईने आयुष्यात पहिल्यांदा शिकवणी बुडवली. कॅशियर समोर बसलेला असताना तिने त्याला बेधडक सांगितलं, "आज गाडी बंद आहे," आणि तोही म्हणाला, "हो हो, दिसतंय ना, पुढच्या गावात जा आता."

जेवणवेळेपर्यंत शिकाऊला समुद्रापार जायला राजाकडून जहाजही मिळालं. पण परक्या घरात संध्याकाळ झाली की आपलं घर आठवतंच. हसून हसून दमल्यावर पोर पुन्हा फोनकडे बघायला लागली. जेवताना दोन घास खाऊन थांबली. मग फोन उचलून ती ऑफिसच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

ताई हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं आणि तिने माझ्याकडे. खोटं कशाला बोलू, दाराला कान लावायला मी आधी धावले, पण ताई माझ्या आधी पोचली.

"आई?" आतून आवाज आला. "हो, जेवले. ... हो, आहे ठीक. ... नाही, रडत नाहीये गं."

 ताईने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. पलीकडून आई विचारत असणार, कारण पोर म्हणाली, "उद्या? नको, उद्या नका येऊ." मग कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तिने आवाज हळू केला, पण दाराला दोन कान लागले होते. "अगं, आजीला आताच जहाज मिळालंय. तिला समुद्रातलं काहीच माहीत नाही. तिला अशी मधेच सोडून मी कशी येऊ?"

ताईने ताट माझ्या हातात दिलं, मोरीत जाऊन नळ पूर्ण सोडला आणि हमसून हमसून रडली.  पाच मिनिटांनी तोंड पुसत बाहेर आली आणि मोठ्या रुबाबात म्हणाली, "पोरीला म्हणावं जेवण पुरं कर आधी, जहाज कुठे पळून जात नाही." आतून लगेच उत्तर आलं, "आले, आजी!"