बॉनेटवरचं टेंगूळ

आमच्या नेव्हिलला वाकडं खपत नाही. लोकांच्या घरी चहाला गेलो तरी हा आधी उठून त्यांच्या भिंतीवरची तसबीर सरळ करणार, मग कपाला हात लावणार. त्यात जन्म चेस्टरफिल्डचा, जिथे चर्चचा कळसच पिळवटलेला आहे. आमच्या लग्नाच्या फोटोत मागे तो कळस आलाय. फोटो हातात पडला तेव्हा साहेब म्हणाले, "तू छान दिसतेस, पण मागचं ते कोणीतरी सरळ करायला हवं." मी तेव्हाच ओळखायला हवं होतं की आपल्या पदरात काय पडलंय.

जन्मभर त्याने बसच्या डेपोत पोचे काढले. ठोकर खाल्लेली बस आत यायची, नेव्हिल एक डोळा मिटून पत्र्यावरून नजर फिरवायचा आणि अंगठ्याने दाखवायचा, इथे आहे बघ. तिथेच असायचं. बाकीचे पट्टी लावून बघायचे. याला पट्टी लागत नसे, आणि या गोष्टीची घमेंड होती हो त्याला, का नसावी!

रिटायर झाल्यावर लोक गुलाब लावतात, कबुतरं पाळतात. याने खोक्यांतून गाडी मागवली. घरी जोडायची, दोन माणसांची, बिनटपाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. नळ्या, पत्रे, पिशव्यांत भरलेले नटबोल्ट. माझी कपडे वाळवायची जागा गेली, इस्त्रीचं टेबल गेलं. मी कटकट करायला लागले की त्याचं एकच: "मेबलथॉर्पला जायचं, थेल्मा. समुद्रावर. मी चालवणार, तू डोक्याला रुमाल बांधून नुसतं बसायचं." आमच्या लग्नानंतरची पहिली सुट्टी मेबलथॉर्पला झाली होती, बसने, पावसात. तिची त्याला भरपाई करायची होती. मी तोंडाने काहीही बोलले तरी मनातून त्या सहलीची मीही वाट बघत होते.

इंजिन आणलं भंगारात निघालेल्या एका जुन्या मोटारीतून. बसलं छान, सुरूही झालं. पण त्याच्या डोक्यावरचा हवेचा फिल्टर इतका वर आला की बॉनेट मिटेना. गाडी आपली तोंड वासून उभी.

बर्नार्ड म्हणून नेव्हिलचा डेपोतला मित्र आहे. दर शनिवारी मदतीला म्हणून यायचा, खरा यायचा माझ्या हातचा खिमा-बटाटा खायला. तो म्हणाला, "त्यात काय एवढं? बॉनेटला भोक पाड आणि वर टेंगूळ बसव. सगळ्या रुबाबदार गाड्यांना असतं."

"टेंगूळ नाही, फुगवटा म्हण," नेव्हिल म्हणाला.

"डोकं आपटल्यासारखं दिसतं ते टेंगूळच, लेका."

नाव तेच पडलं. नेव्हिलने फोमचा ठोकळा कोरला, त्यावर फायबर चढवलं, पुट्टी भरली, आणि चांगलं वीतभर उंच, पुढून निमुळतं टेंगूळ तयार केलं. बॉनेट मिटलं. मी टाळ्या वाजवल्या. वाटलं, सुटलो, आता रंग दिला की निघालो.

तर हा म्हणतो, वाकडं झालंय.

मी म्हटलं कुठे? म्हणाला, कड बघ ना, लाटेसारखी जातेय. मी वाकून बघितलं, चष्मा लावून बघितलं. सरळ होती. हा पॉलिश पेपर घेऊन घासायला बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकडं. पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. घरभर ती पांढरी धूळ, चहावर साय धरल्यासारखी. असे आठवडे गेले. माझ्या तर डोक्याला ताप झाला.

शेवटी बर्नार्डने पट्टी आणून कडेवर ठेवली. "बघ, केसभर फट नाही. आता बास कर की!"

"तुझी पट्टी वाकडी असेल."

"पट्टी वाकडी?" बर्नार्ड हसत सुटला. "चेस्टरफिल्डचा माणूस, कळस बघून मोठा झालेला, त्याला आता सरळ दिसेल तरी कसं!"

एरवी या थट्टेवर नेव्हिलच पहिला हसला असता. त्या दिवशी त्याने पॉलिश पेपर भिंतीवर फेकला आणि म्हणाला, "निघ इथून." बर्नार्ड निघाला. खिमा तसाच राहिला. नेव्हिलने गाडीवर ताडपत्री टाकली आणि गॅरेजात पाऊल टाकणंच सोडलं.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा फार लागली होती. हा माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघेना. नजर आपली माझ्या कानापाशी. एकदा मी म्हटलंसुद्धा, "माझ्या कानात काय सोनं सापडलंय का रे?" तर नुसता "हं" म्हणाला. इतकी वर्षं संसार केल्यावर नवरा नजर चुकवायला लागला की बाईच्या मनात काय काय येतं ते सांगायला नको. रडले मी, भांडी घासता घासता, नळ मोठा सोडून.

मग एका सकाळी नाश्ता झाल्यावर तो म्हणाला, "थेल्मा, जरा गॅरेजात येतेस?" ताडपत्री काढलेली होती. म्हणाला, "चालवायच्या सीटवर बस."

"मी कशाला?"

"बस तर."

त्या गाडीत बसायचं म्हणजे बाथटबात उतरण्यासारखं. सीट त्याच्या उंचीला बेतलेली, मी ही एवढीशी. जवळजवळ बुडालेच आत.

"समोर बघ. काय दिसतंय?"

"तुझं टेंगूळ."

"आणि त्याच्या पलीकडे?"

"पलीकडे काही नाही. टेंगूळच टेंगूळ."

तो चिकटपट्टी घेऊन आला, माझ्या डोळ्यांच्या रेषेत धरली, बोटाने चाचपत टेंगळावर चिकटवली. "एवढं कमी करायला पाहिजे तर," स्वतःशीच म्हणाला.

"माझ्या डोळ्यांची मापं कशाला घेतोस? चालवणार तू आहेस ना?"

त्याने चिकटपट्टी खाली ठेवली. "मी नाही चालवणार, थेल्मा. माझं बंद झालं."

मग बोलला. चष्म्याच्या दुकानातून त्याला इस्पितळात पाठवलं होतं, मला न सांगता जाऊन आला होता. नजरेचा मधला भाग चाललाय. सरळ रेष नागमोडी दिसते. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी आता चालवायची नाही. "बर्नार्डची पट्टी बरोबर होती. कड पहिल्यापासून सरळच होती गं. मी सरळ गोष्ट घासत बसलो."

मला आधी संतापच आला. "आणि हे मला आज सांगतोस? मी इथे काय काय मनात आणलं!" बाहेर पडायला गेले तर त्या मेल्या सीटमधून उठता येईना. तिथेच बसून रडले. तो गाडीला टेकून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "तू चालवशील का? लायसन्स तर आहे तुझं. नसेल चालवायची तर बर्नार्डला देऊन टाकतो."

"बर्नार्डला? त्याला मी माझी बाजाराची पिशवीसुद्धा धरायला देणार नाही!" मी नाक पुसलं. "टेंगूळ कमी कर. चालवते मी."

बर्नार्डला मीच फोन केला. तो आला, दारात उभा राहून बुटांकडे बघत म्हणाला, "मला माहीत नव्हतं रे." नेव्हिल म्हणाला, "मला माहीत होतं ना. आत ये." बर्नार्डने कुठूनसा चपटा फिल्टर पैदा केला, त्यामुळे आता उंच टेंगळाची गरज नव्हती. नेव्हिल आकार शोधत घरभर हिंडला आणि शनिवारी मला माझं भांडं सापडेना. खिमा-बटाट्याचं, लंबगोल, इनॅमलचं, माझ्या आईने दिलेलं. बघते तर गॅरेजात उपडं घालून त्यावर फायबर चढवलेलं!

"अरे देवा! आता स्वयंपाक कशात करू?"

"पण आकार बघ ना किती गोड आहे," नेव्हिल म्हणाला. भांडं सुटलं, पण त्याला लागलेला फायबरचा वास काही जाईना. सोडून दिलं मी.

ते टेंगूळ त्याने डोळे मिटून घासलं. तळहात फिरवायचा, थांबायचा, अंगठ्याने दाखवायचा, आणि बर्नार्ड तिथे पुट्टी लावायचा. आता एकदाही वाकडं म्हणाला नाही. सीटवर माझ्यासाठी जाड उशी शिवून घेतली. मी बसले तर टेंगळावरून थेट गॅरेजचं दार दिसलं, दारातून रस्ता दिसला.

सरकारी तपासणी पार पडली आणि जूनमध्ये आम्ही निघालो. मी स्टिअरिंगला, हा शेजारी. दर थोड्या वेळाने हा विचारतोय, "वरून नीट दिसतंय ना?" मी म्हणतेय, "दिसतंय रे बाबा." लिंकनचं ते टेकडीवरचं मोठं चर्च लांबून दिसायला लागलं तसं मी त्याला सांगितलं, मेंढ्या आल्या की मेंढ्या सांगितल्या. तो समोर तोंड करून खुशीत बसलेला, केस वाऱ्यावर.

मेबलथॉर्पला वाळूकडे जाणाऱ्या उताराच्या तोंडाशी गाडी उभी केली आणि गाडीतच बसून मासा, चिप्स आणि कुस्करलेले वाटाणे खाल्ले. समोर समुद्र. मला इतकं भरून आलं होतं, आणि हा आपला बॉनेटकडेच बघत बसलेला. मला राहवेना.

"नेव्हिल, आजच्या दिवशी तरी एकदा माझ्याकडे बघून बोल की."

"तुझ्याकडे बघितलं की तू जातेस," तो म्हणाला. "ज्याच्याकडे बघावं तेच पुसतं. कडेचं तेवढं राहतं. म्हणून तर तुझ्या कानाकडे बघायचो, म्हणजे तोंड दिसायचं. आता इथे बाजूला बसून समोर बघतोय ना, तर तू चांगली दिसतेस. निळा रुमाल बांधलायस." मान न वळवता तो जरासा हसला. "आणि हनुवटीला वाटाणा लागलाय."

मी हात लावून बघितला. खरंच लागला होता.

"मग समोरच बघत राहा," मी म्हटलं.