हँडल डावीकडे होतं

मामांच्या मोटारसायकलचे दोन्ही कार्बोरेटर मी जुळवले ते हँडल डावीकडे वळलेलं असताना. एवढीच चूक. आधी हँडल सरळ करावं आणि मग केबलला हात घालावा, हे कुठल्याही शहाण्या माणसाला सुचलं असतं. मला ते मामांचं मनगट प्लास्टरमध्ये गेल्यावर सुचलं. मामा त्या गाडीवर पुन्हा बसले नाहीत.

गाडी दोन सिलिंडरची, दोन सायलेन्सरची, आता कुठे बघायला मिळत नाही अशी. मामांच्या लग्नाच्या दोनेक वर्षं आधी ती घरात आली होती, म्हणून मामी तिला ‘थोरली’ म्हणायच्या. “थोरली उठली का?” “थोरलीला तेल पाजलंत, आता धाकटीला चहा विचारा.” अशी थट्टा सकाळपासून चालायची. मामांचं घर गंजाडला आणि चिकूची वाडी रानशेतकडे. रोज चहा झाला की थोरली सुरू व्हायची, मामा वाडीवर जायचे आणि दुपारी जेवायला परत यायचे. तलासरीच्या बाजाराला जायचं तेही तिच्यावरूनच. मामा पासष्टीला आले तेव्हा मामींनी एक अट घातली. “एकदा पडलात की बास. मग चावी माझ्याकडे.” मामा हसून हो म्हणाले. आजवर कधी पडले नव्हते, त्यामुळे हो म्हणायला त्यांचं काय जात होतं?

माझं डहाणू रोडला झेरॉक्सचं दुकान आहे. मला यंत्रं दुरुस्त करायची हौस आहे, यंत्रांना मात्र माझी नाही. मशीन मी उघडलं की कंपनीचा माणूस येईपर्यंत ते दुकान पेनं-पेन्सिली विकणारी टपरी होऊन बसतं. बहिणीचा मिक्सर मी एकदा नीट केला, त्यानंतर तो फक्त झाकण उडवण्याच्या कामी आला. हे सगळं मी स्वतःच रंगवून सांगत सुटायचो, चार माणसं हसायची, आणि माझी ख्याती ‘गमत्या’ अशी पसरत गेली. तिचा तोटा पुढे कळला.

तो २०१९ सालचा जानेवारी. आमच्याकडे जमीन हलत होती. कधी नुसती गुरगुरायची, कधी भांडी वाजायची, आणि भिंतींना चिरा पडल्या होत्या. लोक अंगणात झोपत होते. मामांनीही चिकूखाली ताडपत्रीचा मांडव घातला होता, त्यात दोन खाटा, आणि पडवीतली थोरलीसुद्धा बाहेर काढून खाटेशेजारी उभी केलेली. जागा अपुरी. हँडलची उजवी मूठ खाटेच्या गादीत रुतायची, म्हणून ते डावीकडे पूर्ण वळवून ठेवलेलं.

थोरलीची तब्येत तेव्हा बिघडली होती. एक बाजू मागे पडायची. मामा म्हणायचे, “दोन बैल जुंपलेत. एक ओढतो आणि दुसरा नुसता चालतो.” दोन सिलिंडरला दोन कार्बोरेटर, आणि अॅक्सिलरेटरच्या मुठीतून निघालेली एकच केबल पुढे दोन फाट्यांनी दोघांकडे जाते. मूठ पिळली की दोन्हीकडच्या झडपा एकाच क्षणी, सारख्याच उचलल्या गेल्या पाहिजेत. एक आधी आणि एक नंतर उठली की झाला बैलांचा खेळखंडोबा. ओळखीचा मेकॅनिक लग्नाला वलसाडकडे गेला होता. मामांना धीर निघेना.

“मामा, मी करतो,” मी म्हणालो.

“तू?”

“मोबाइलवर व्हिडिओ बघितलाय. पूर्ण.”

“झेरॉक्स मशीनचाही बघितला होतास.”

“तो हिंदीत होता. हा नीट कळला.”

मामा हसले आणि पान्यांचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. आज मला तो डबाच आठवतो. त्यांनी तो कुलपात ठेवायला हवा होता.

काम मी मन लावून केलं, हे खरं. फिल्टरचे रबर काढले, एकेका कार्बोरेटरच्या तोंडात एकेक बोट घातलं आणि मामांना मूठ हळूहळू पिळायला सांगितली. दोन्ही झडपा बोटांना एकदम उठलेल्या जाणवेपर्यंत केबलचे स्क्रू फिरवत राहिलो. मग फिल्टर बसवून गाडी सुरू केली आणि मागे उकिडवं बसून दोन्ही सायलेन्सरपुढे दोन तळवे धरले. दोन्ही हातांवर धुराचे फटके सारखे बसायला हवेत. उजव्या हातावर जोरात बसत होते. एक स्क्रू इकडे, एक तिकडे. शेवटची कसोटी माझी स्वतःची, व्हिडिओतली नव्हे. टाकीवर पाण्याचा पेला ठेवायचा. पाण्यातली वर्तुळं मधोमध राहिली तर बैल जुळले.

पेला ठेवला. वर्तुळं जरा वेळ मधोमध राहिली आणि एकाएकी पाणी डाव्या कडेवरून सांडलं. मी स्क्रू फिरवला. पाणी आणखी हिंदकळलं. मी आणखी फिरवला.

स्वयंपाकघरातून मामी हातात उलथनं घेऊन धावत आल्या. त्यांचं माहेर उंबरगावचं, घाबरल्या की गुजराती आधी निघतं. “अरे, शुं करे छे? उठ, मोकळ्यात ये! जमीन हलते आहे, कळत नाही तुला?”

“मामी, जमीन नाही,” मी वर न बघता म्हणालो, “डावा कार्बोरेटर.”

शेजारपाजारची माणसं रस्त्यावर उभी होती. मामा मोकळ्यात जाऊन पोट धरून हसत होते. धक्का थांबल्यावर मला सगळं पहिल्यापासून करावं लागलं. ही गोष्ट मी नंतर दुकानात इतक्यांना सांगितली, की बाकीची सांगायची वेळ आली तेव्हा लोक आधीच हसून घेत.

दुसऱ्या खेपेला सगळं जमलं. तळव्यांवर फटके सारखे, वर्तुळं मधोमध. त्या भरात मी आणखी एक शहाणपण केलं. मुठीला जी सूतभर ढिलाई असते, हात फिरला तरी केबल ओढली जात नाही एवढी, तीसुद्धा मी काढून टाकली. म्हटलं, बोट लागताच गाडीला कळलं पाहिजे. मामा डोळे मिटून आवाज ऐकत उभे होते. टोपी घालून आले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “जुळले रे बैल.”

खाटेपासून गाडी ओढून हँडल सरळ केलं तेव्हा इंजिनचा आवाज जरासा चढला. मामांनी माझ्याकडे पाहिलं.

“गरम झालीय ना, म्हणून,” मी म्हणालो.

या चार शब्दांना मी कितीदा शिव्या घातल्या असतील! त्या आवाजानं मला सगळं सांगितलं होतं. सरळ केल्यावर एवढा चढला, तर उजवीकडे वळवल्यावर काय होईल, हे विचारायला डोकं लागतं. माझं डोकं कौतुक ऐकण्यात गुंतलं होतं. आणि मामांच्या फाटकातून रानशेतला जायचं तर उजवीकडेच वळावं लागतं.

मी पाठमोरा बसून पाने डब्यात भरत होतो. टाकीवरून उतरवून ठेवलेला पेला उचलून त्यातलं उरलेलं पाणी प्यायलो, तेवढ्यात गाडी किंचाळली. पडण्याचा आवाज त्याच्या मागोमाग आला.

मामा फाटकाच्या दगडाशी पडले होते. गाडी आडवी, मागचं चाक भिरभिरत होतं, इंजिन बोंबलत होतं. बंद करायला म्हणून मी हँडल धरलं, ते डावीकडे वळलं आणि आवाज एकदम उतरला. मी ते उजवीकडे केलं. आवाज चढला. डावीकडे, उतरला. मला सगळं कळलं, आणि कळल्याच्या धक्क्यानं मी हँडल आणखी एकदा फिरवलं.

“अरे, त्यांना उचल आधी!” मामी ओरडल्या. “खेळतोस काय त्या बयेशी!”

डहाणूच्या दवाखान्यात उजव्या मनगटाला प्लास्टर घातलं. परतताना रिक्षात मामा म्हणाले, “जमीन हलली रे नेमकी.”

मामी म्हणाल्या, “जमीन नाही. वय.”

“दोन्ही नाही,” मी म्हणालो. “माझी चूक आहे. हँडल डावीकडे असताना केबल ताणली मी. उजवीकडे वळताच तिनंच अॅक्सिलरेटर ओढला.”

रिक्षावालासुद्धा आरशातून हसला. मामा म्हणाले, “आता तुझ्या डाव्या कार्बोरेटरनं भूकंप आणला म्हणशील.”

मी ठरवलं, दाखवूनच द्यायचं. पण चारेक दिवसांनी मेकॅनिक वलसाडहून आला. मामांनी गाडी त्याच्याकडे पाठवली, त्यानं वाकलेलं हँडल सरळ केलं आणि रिवाजाप्रमाणे केबलही पुन्हा लावून दिली. मला हे कुठे माहीत! गाडी घरी आली त्या दिवशी मी मामांना, मामींना आणि शेजारच्या दोघांना अंगणात उभं केलं, भाषण केलं, गाडी सुरू केली आणि हँडल उजवीकडे वळवलं. थोरली संथ, एका लयीत चालत राहिली. मी डावीकडे नेलं, परत उजवीकडे नेलं. काही नाही. आयुष्यात एकदाच मला माझी चूक सिद्ध करायची होती आणि नेमकी तेव्हाच गाडी ठणठणीत.

शेजारचे हसत घरी गेले. “भाचा चांगला आहे हो,” त्यातला एक जाता जाता मामांना म्हणाला, “तुमचं वाईट वाटू नये म्हणून धडपडतोय.”

मामींनी चावी घेतली. अटच होती तशी. मामा टमटमनं वाडीवर जाऊ लागले. पूर्वी रानशेतच्या वळणावर थोरलीचा आवाज आला की वाडीतली माणसं विडी विझवून चिकू उतरवायच्या शिडीला हात घालायची. आता मामा मागे येऊन उभे राहिले तरी विडी चालूच. हे मामांनीच मला सांगितलं, हसत. त्यांना माझ्यासारखं रंगवून सांगता येत नाही, म्हणून ते लागलं.

प्लास्टर निघाल्यानंतरची गोष्ट. मी रविवारी गेलो तर मामा मांडवात एकटेच खाटेवर बसलेले. उजव्या हातात चहाचा कप धरून चहाकडे एकटक बघत होते. पीत नव्हते.

“भाच्या, खरं सांग. हात थरथरतो का माझा?”

“नाही मामा.”

“त्या दिवशी मूठ माझ्याकडूनच पिळली गेली असणार. मला कळलंच नाही बघ. आपल्याला न कळता आपला हात काही करतो, म्हणजे मग काय उरलं?”

“मामा, देवाशपथ सांगतो, मी केबल ताणली होती. हात तुमचा नव्हे.”

त्यांनी तोच हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. “बरं बरं. तू ताणलीस.” लहान मुलाला म्हणतात तसं म्हणाले.

मला वाटतं, त्या क्षणी मी माझ्या सगळ्या मिक्सरांच्या, मशीनच्या आणि सांडलेल्या पाण्याच्या गोष्टी परत घेतल्या असत्या, मामांनी हे एक वाक्य खरं मानलं असतं तर. नुसतं फजितीच्या गोष्टी सांगत जगणाऱ्या माणसाची खरी चूकसुद्धा लोक गोष्टीतच जमा करतात.

मे महिन्यात मी शेवटचा प्रयत्न केला. मामा वाडीवर असताना गंजाडला गेलो, मामींकडून ‘पावसाच्या आधी इंजिन फिरवून ठेवतो’ म्हणून चावी मागून घेतली. हँडल सरळ ठेवलं. दोन्ही झडपा पुन्हा बोटांनी तपासल्या, मुठीला सूतभर ढिलाई ठेवली, गाडी सुरू करून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. आवाज तसूभर हलला नाही. यंत्राच्या बाबतीत मी काही बरोबर केलं असेल तर ते एवढंच. मामा दुपारी आले की त्यांना सरळ गाडीवर बसवायचं आणि मागे स्वतः बसायचं, असं मी ठरवलं होतं. एकदा उजवीकडे वळले की हातावरचा विश्वास परत येईल.

मामी बाहेर येऊन ओट्यावर उभ्या राहिल्या. “बंद कर ती.”

“मामी, आता काही होणार नाही. मामांना वाटतंय त्यांचा हात गेला. त्यांना एकदा तरी—”

“हात गेला नाही, ते मला ठाऊक आहे.”

मी गाडी बंद केली.

“मी दारातच होते त्या दिवशी,” त्या म्हणाल्या. “फाटकातून वळताना हे समोरच्या गावदेवीला नमस्कार करतात. उजवा हात कपाळाला लावून. रोजचंच आहे. त्या दिवशीही हात कपाळाला होता आणि गाडी किंचाळली. मग मूठ कोणी पिळली, देवीनं? तू रिक्षात बोललास तेव्हाच मला पटलं होतं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत? मामा रोज त्या हाताकडे बघत बसतात.”

मामी ओट्यावरून खाली उतरल्या. मग म्हणाल्या, “तीस-पस्तीस वर्षं दुपारी मी हिचा आवाज आल्यावर तवा ठेवते. आवाजाला उशीर झाला की मी काय काय बघते मनात, ते तुझ्या मामांना कधी सांगितलं नाही. हाताकडे बघत बसतात, बसू देत. घरात बसतात.”

“पण मामी, मी आता सगळं नीट केलंय.”

त्यांनी माझ्या काळ्या बोटांमधून चावी काढून घेतली.

“तू हात लावलास ते सगळं बिघडलं,” मामी म्हणाल्या. “एवढं एकच बिघडवलेलं माझ्या कामाला आलं, तेही नीट करायला आलास मेल्या!”