ओल्या पोत्याखालचे तीन दिवस

तोंडावर तिला सगळे काकू म्हणत आणि पाठ वळली की करवत. हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. बत्तीस वर्षं ती उथळ खाऱ्या पाण्यात कालवं वाढवत होती, पण तेवढ्या काळात तिनं कुणाला बरं म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. संस्थेचा अध्यक्ष तिच्या मते ढ होता, सेक्रेटरी त्याहून ढ, आणि तपासणीला येणारे साहेब लोक म्हणजे कोरडे बूट घालून समुद्राला अक्कल शिकवायला आलेले शहाणे. गेलेल्या नवऱ्यालाही तिनं सोडलं नव्हतं. "माणूस चांगला होता, पण पिशवीला धड गाठ मारता येत नव्हती," एवढंच ती त्याच्याबद्दल सांगायची.

समुद्रापुढे वाळूचा लांबलचक बांध होता आणि त्याच्या आत हे पाणी अडलेलं. काठाकडे भरतीला छातीएवढं, ओहोटीला नुसता चिखल. संस्थेनं बांबू रोवून त्याचे तुकडे पाडले होते आणि सभासदांना वापरायला दिले होते. काकूचा तुकडा काठाला लागून, सगळ्यांत उथळ. तिथे गुडघाभर उंचीची लोखंडी बाकडी ओळीनं मांडलेली, आणि बाकड्यांवर जाळीच्या पिशव्यांमध्ये कालवं. दिवसातून दोनदा पाणी उतरलं की पिशव्या चार-चार तास उघड्यावर पडत. तेवढा वेळ कालव शिंपला घट्ट मिटून, आतलं पाणी धरून बसतं. रोज मिटून बसायची सवय लागली की पेटीत भरून लांब पाठवलं तरी ते आठ दिवस जिवंत राहतं. ज्याला ती सवय नाही ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आ वासतं, आतलं पाणी सांडतं आणि मरतं. काकूचं सगळं शास्त्र एवढंच होतं, आणि ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "दगडापुढे कशाला डोकं फोडायचं?" असं तिचं म्हणणं.

या शास्त्रात एकच खोट होती. पाण्याबाहेर कालवाला खायला मिळत नाही, त्यामुळे काकूची कालवं सावकाश वाढत आणि लहानच राहत.

तिच्या धाकट्या दिराला सगळे इंजिनीअर म्हणत. त्यानं एकदा होडीचं मशीन दुरुस्त केलं होतं. ते मशीन पुन्हा कधीच चालू झालं नाही, नाव मात्र चिकटलं. त्याचा तुकडा पलीकडे खोल पाण्यात. त्याच्या पिशव्या कधीच उघड्या पडत नसत, त्यामुळे कालवं दिवसरात्र खाऊन तळहाताएवढी होत. ती जवळच्याच हॉटेलांत त्याच दिवशी खपून जात, म्हणून ती टिकतात की नाही हे बघायची वेळ कुणावर आली नव्हती. काळा चष्मा लावून, छत्रीखाली होडीत बसून तो आकडीनं पिशव्या ओढी. "गमबुटाला चिखल लागू नये म्हणून भाऊजी समुद्रात शेती करतात," असं काकू चार लोकांत म्हणायची, आणि भाऊजी चष्म्याआड लाल व्हायचे.

तर या इंजिनीअरला होडी लावायला काठ हवा होता, आणि काठ होता काकूकडे. अध्यक्ष त्याच्या रोजच्या बैठकीतला. दोघांनी मिळून एक नियम काढला. संस्थेनं लोखंडाची एक कडी करून घेतली. तपासणीच्या दिवशी प्रत्येकाच्या तुकड्यातली शंभर कालवं त्या कडीतून घालून बघायची. निम्म्याहून जास्त कडीतून खाली पडली, म्हणजे माल बारीक, म्हणजे सभासद नालायक, म्हणजे तुकडा दुसऱ्याला. तुकड्याबरोबर काठावरची शेडही जाणार आणि शेडमागच्या दोन खोल्याही. काकूला दुसरं घर नव्हतं. मुलगा जहाजावर स्वयंपाकी, वर्षाचे दहा महिने पाण्यावरच. त्या दोन खोल्यांत ती आणि तिची सून, दोघीच.

सुनेबद्दल काय बोलावं? ती लांबच्या कोरड्या मुलखातून आलेली. पहिल्या दिवशी कालव हातात घेऊन तिनं विचारलं, "आई, हे जिवंत असतं?" हा प्रश्न काकूनं पुढे तीन वर्षं जाळीच्या दुकानदारापासून बर्फाच्या गाडीवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवला, आणि तोही सुनेसमोर. सून खाली मान घालून हसायची. तिच्या हातात वाईट काही नव्हतं. गाठ तर सासऱ्यापेक्षा लाख पटीनं चांगली मारायची. पण हे काकू कशाला बोलून दाखवेल?

नेमका त्याच वर्षी काकूचा गुडघा गेला. चिखलात पाय रुतला की उपटून काढता येईना. डॉक्टरांनी सहा महिने पाण्यात उतरायचं नाही म्हणून सांगितलं. मग काकू शेडच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायची आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकायची. "अगं, पिशवी उलटी कर! झोपवतेस काय बाळासारखी?" तिला ओट्यावरून पुढची दोनच बाकडी दिसत. बाकीची शेडच्या आडोशाला.

काकूला जे माहीत नव्हतं ते आपण इथेच सांगून टाकू. कडीचा नियम कळल्यापासून सुनेला झोप नव्हती. पिशव्यांतली कालवं तशीच बारीक. तुकड्याच्या खालच्या टोकाला, जिथे पाणी कधीच आटत नाही, तिथे जुनी, रिकामी बाकडी पडली होती. सुनेनं विचार केला, सतत पाण्यात राहिली तर वाढतील. पुढच्या दोन बाकड्यांवरच्या पिशव्या तिनं तिथेच ठेवल्या, म्हणजे आईंना दिसत राहतील. बाकीच्या सगळ्या एकेक करत खांद्यावरून खाली नेल्या. पाच महिने ती कमरेपर्यंत पाण्यात उभी राहून त्या हलवत होती. तपासणी झाली की पुन्हा वर आणायच्या, असं तिनं ठरवलं होतं. घर वाचवायचं होतं, आणि बोलणी खायची नव्हती.

तपासणीच्या आधी पिशव्या शेडमध्ये आल्या तेव्हा काकूनं कालवं हातात घेतली. चांगली मोठी झाली होती. अंगठ्याखाली एकाच्या शिंपल्याचा कडेचा पापुद्रा मोडला. सतत पाण्यात राहिलेल्या कालवाचाच शिंपला असा पातळ होतो; एरवी तो बघून तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. पण मोठं कालव हातात होतं आणि इंजिनीअरचं तोंड डोळ्यांपुढे होतं. "यंदा पाणी गोडसर होतं, म्हणून शिंपला पातळ," तिनं स्वतःलाच सांगून टाकलं. सुनेला म्हणाली, "बघितलंस? मी खुर्चीत बसून नुसतं ओरडले तरी एवढी वाढतात."

तपासणी झाली. शंभरातली फक्त एकोणतीस कडीतून पडली. अध्यक्षानं पुन्हा मोजायला लावली, पुन्हा एकोणतीसच. इंजिनीअर चष्मा पुसत बसला. तुकडा वाचला, शेड वाचली, खोल्या वाचल्या. एखादी बाई चहा टाकून मोकळी झाली असती.

काकू उभी राहिली. "आता मोठं कुणाचं ते बघितलंत ना? आता टिकतं कुणाचं तेही बघा. माझी शंभर आणि भाऊजींची शंभर, या टेबलावर ओल्या पोत्याखाली तीन दिवस ठेवायची. ज्याची निम्म्यापेक्षा जास्त उघडतील त्यानं तुकडा सोडायचा."

"वहिनी, कशाला उगाच?" इंजिनीअर म्हणाला.

"का? फाटली?"

सून पुढे आली. पोतं म्हणजे काय, उघडणं म्हणजे काय, तिला काही कळलं नव्हतं. पण पिशव्या जिथे असायला हव्या होत्या तिथे नव्हत्या एवढं तिला कळत होतं. "आई, राहू द्या ना. जिंकलोय आपण."

"तू गप्प बस. हे जिवंत असतं का विचारणारी तू." सगळे हसले. काकूनं सेक्रेटरीला वही काढायला लावली, अट लिहून घेतली आणि खाली ठसठशीत सही केली. सेक्रेटरीनं वही इंजिनीअरकडे सरकवली, तर तिनंच ती मिटली. "त्यांची सही कशाला? त्यांना तोंड दाखवायला जागा उरली तरी पुरे!" कुणी रात्रीत माल बदलू नये म्हणून शेडला कुलूपही तिनंच लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

ते तीन दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे दिवस होते. ती लंगडत बाजारात जायची आणि थांबून थांबून लोकांना तिसऱ्या दिवशी यायचं आमंत्रण द्यायची. सून दोनदा तिच्याजवळ येऊन उभी राहिली. पहिल्यांदा काकू म्हणाली, "काय आहे? तोंड कशाला असं मेल्यासारखं?" दुसऱ्यांदा तिनं बघितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी शेडमध्ये उभं राहायला जागा नव्हती. सेक्रेटरीनं आधी इंजिनीअरचं पोतं उचललं. भपकन वास आला. शंभरातली ऐंशी तरी आ वासून पडली होती. काकू खुदकन हसली. तिला असं हसताना बघून दोन-तीन जण दचकलेच.

मग तिचं पोतं उचललं.

कडेची तीसेक मिटलेली होती. बाकी सगळी उघडी. काकूनं एकाला अंगठ्यानं दाबलं आणि वाट बघितली. ते मिटलं नाही. दुसरं दाबलं. दोन हातात घेऊन एकमेकांवर वाजवली; पोकळ आवाज आला.

"ही माझी नाहीत," ती म्हणाली. "बदललीत कुणीतरी."

"किल्ली कुणाकडे होती, काकू?" अध्यक्षानं अगदी गोड आवाजात विचारलं. या माणसाला एवढं गोड बोलता येतं हे तोवर कुणाला माहीत नव्हतं.

"आई, आपलीच आहेत ती," सून म्हणाली. "मिटलीत ती पुढच्या बाकड्यांवरची. बाकीची मी खालच्या टोकाला नेली होती. मोठी व्हावीत म्हणून."

अध्यक्षानं वही मागवली आणि अट मोठ्यानं वाचली. मग इंजिनीअरकडे बघितलं. इंजिनीअर चष्मा चढवून म्हणाला, "मी कुठे सही केलीय?" आणि होडीकडे निघून गेला. काकूला तुकडा मोकळा करायला महिन्याची मुदत मिळाली. ती मुदतही उपकार केल्यासारखी देण्यात आली.

गर्दी पांगली. टेबलाभोवती दोघीच उरल्या.

"मला विचारायला काय झालं होतं तुला?" काकूचा आवाज चढला. "तोंड शिवलं होतं?"

"विचारलं होतं," सून म्हणाली. "लग्न झालं त्याच वर्षी. म्हटलं, आई, खाली सतत पाणी असतं, मग पिशव्या वर का ठेवायच्या? तुम्ही म्हणालात, ते तुझ्या डोक्याबाहेरचं आहे. मग जाळीवाल्याला सांगितलंत मी काय विचारलं ते. तो किती हसला होता."

काकूला आठवलं. जाळीवाला खरंच पोट धरून हसला होता, आणि त्याला हसवल्याचा तिला केवढा आनंद झाला होता. ती खुर्ची ओढून बसली. टेबलावरचं एक मिटलेलं कालव तिनं उचललं आणि सुनेच्या हातात दिलं.

"हे बघ. हे का मिटलंय ते सांगते. बस इथे."

सुनेनं ते कालव परत टेबलावर ठेवलं. "आता कशाला, आई?" ती म्हणाली, आणि टोपली ओढून उघडी कालवं तिच्यात भरायला लागली.