रसिक भावोजींची पिस्ता गाडी

माझ्या ताईच्या नवऱ्याला आमच्या घरात सगळे 'रसिक' म्हणतात. हे नाव माझ्या वडिलांनी ठेवलं. लग्न ठरल्यावर भावोजी पहिल्यांदा घरी आले, तेव्हा त्यांनी आमच्या बाहेरच्या खोलीतला पडदा दोन बोटांत धरून पाहिला आणि काही न बोलता सोडून दिला. ते गेल्यावर वडील म्हणाले, "जावई रसिक आहे." आईला ते कौतुक वाटलं. पुढे भावोजींच्या कानावर गेलं, तर त्यांनाही कौतुकच वाटलं. अजून वाटतं.

भावोजी पडद्याच्या आणि सोफ्याच्या कापडांच्या मोठ्या दुकानात विक्रेते आहेत. कामात तरबेज आहेत, तेवढं कबूल करायला हवं. गिऱ्हाइकाला त्याच्याच आवडीची लाज वाटेल अशा बेताने ते बोलतात. निळं कापड घ्यायला आलेला माणूस राखाडी घेऊन जातो आणि वर आभार मानतो. पण दिवसभर लोकांच्या घरांना नाक मुरडणाऱ्या माणसाचं नाक संध्याकाळी घरी आल्यावर सरळ होत नाही. ताईने हौसेने आणलेले स्टीलचे डबे त्यांना नकोत, ताईच्या सासूबाईंचा फुलाफुलांचा टेबलक्लॉथ नको, आणि दाराशी उभी असलेली तपकिरी, चौकोनी, चार दारांची गाडी तर त्यांना डोळ्यांसमोर नको होती. त्या गाडीने ताईला बाळंतपणाला नेलं होतं, फ्रिज आणला होता, माझं घर बदललं तेव्हा माझा सगळा संसार दोन खेपांत हलवला होता. भावोजी तिला 'खोकं' म्हणायचे आणि दुकानाच्या मागच्या गल्लीत लावायचे.

मग एक दिवस त्यांना ती पिस्ता रंगाची गाडी दिसली.

ती जुनी नव्हती, हे आधी सांगून ठेवते. नऊ-दहा वर्षांपूर्वीच कारखान्यातून निघालेली, पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीची वाटावी अशी मुद्दाम घडवलेली. दचकलेल्या मुलासारखे गोल दिवे, कडेने चकचकीत पट्ट्या, पांढरं छप्पर, आत भिंतीवरच्या घड्याळासारखं एकच गोल मीटर. दारं दोन. नाटकात तरुण मुलगी म्हातारीचं सोंग घेते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. ते सोंग घेऊन ती भाजी आणायला निघाली तर काय म्हणायचं, ते या गाडीकडे बघून मला समजलं.

गाडी बघायला ताई आणि भावोजींबरोबर मीही गेले होते. विकणारा दलाल भावोजींपेक्षा पोचलेला होता. भावोजी दुकानात गिऱ्हाइकाला जे करतात तेच त्याने भावोजींना केलं. म्हणाला, ही मी सगळ्यांना दाखवत नाही, लोकांना मोठ्या गाड्या लागतात, लोकांना नजर कुठे असते. भावोजी बघता बघता हरभऱ्याच्या झाडावर चढले. दुसऱ्याला रोज त्याच झाडावर चढवणाऱ्या माणसाला आपल्या पायाखालची फांदी दिसू नये, याचं मला नवल वाटलं.

ताईने एकच प्रश्न विचारला. मागे बसायचं कसं? दलालाने पुढची सीट दुमडून दाखवली. मी वाकून, आडवी होऊन आत शिरले. गुडघे हनुवटीला लागले आणि डोकं छताला. ताई म्हणाली, "आईंना हे जमणार नाही."

भावोजी चकचकीत पट्टीवरून बोट फिरवत होते. "आई जाते कुठे फारशी?" ते म्हणाले.

सासूबाई, म्हणजे मी ज्यांना काकू म्हणते त्या, शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. तपकिरी गाडीतून त्या दर आठवड्याला बहिणीकडे जायच्या, वाचनालयात जायच्या, आणि काही काम नसेल तर ताईबरोबर नुसत्याच बसून बाजारापर्यंत यायच्या. गाडी बदलल्यावर त्यांचं जाणं खरोखरच थांबलं. त्यामुळे भावोजींचं वाक्य दोन आठवड्यांत खरं ठरलं.

गाडी घरी आली आणि तिचे नियम आले. आत काही खायचं नाही. बसण्याआधी चपला एकमेकींवर आपटायच्या. ओली छत्री पिशवीत घालायची, पिशवी दुसऱ्या पिशवीत. दार लावताना काचेला हात नाही, कडीला हात. रविवारी सकाळी भावोजी जुना दात घासायचा ब्रश घेऊन त्या पट्ट्यांच्या फटी साफ करत बसायचे. भाचीने एकदा मागच्या सीटवर लिपस्टिकचा डाग पाडला, तर बाप तिच्याशी चार दिवस बोलला नाही. ताई ऑफिसला बसने जायला लागली. विचारलं तर म्हणाली, बसमध्ये निदान पाय कुठे ठेवायचे ते कुणी सांगत नाही.

रस्त्यावर लोक मात्र वळून बघायचे. सिग्नलला कुणीतरी काच खाली करून विचारायचं, किती सालची? पहिल्यांदा भावोजी नुसतं हसले असावेत. मग 'जुनी आहे' म्हणाले. मग 'घरातलीच आहे' म्हणाले. अशी ती थापेची पायरी पायरीने चढण झाली आणि वर्षाच्या आत दुकानात सगळ्यांना ठाऊक झालं, की ही गाडी रसिकांच्या आजोबांची. कित्येक वर्षं बंद पडून होती, ती नातवाने पुन्हा उभी केली. नंबरप्लेट बघूनही कुणाला शंका आली नाही. ज्याला खोटं ऐकायला आवडतं तो प्लेट कशाला वाचेल?

त्या आजोबांनी जन्मभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली. त्यांचं वाहन म्हणजे एक सायकल, तिच्या मागे गाठोडं.

एका संध्याकाळी दुकानाचे मालक वाटेत म्हणून घरी आले. ताई चहा करत होती, मी कांदा चिरत होते, काकू बाहेर खुर्चीत उसवलेला परकर दुरुस्त करत बसल्या होत्या. मालकांनी गाडीचं कौतुक केलं आणि आदराने काकूंना विचारलं, "तुमच्या सासऱ्यांची ना ही?"

माझा हात थांबला. मी डोकावले तर भावोजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, जणू आजची तारीख महत्त्वाची होती. काकूंनी सुईत दोरा ओवला आणि म्हणाल्या, "मी कधी बसले नाही त्यात."

मालकांना वाटलं, जुन्या काळच्या सुना, कशाला बसतील सासऱ्यांच्या गाडीत. ते समाधानाने गेले. काकू स्वयंपाकघरात आल्या, भावोजीही मागोमाग आले, बहुतेक आभार मानायला. काकूंनी त्यांना बोलूच दिलं नाही.

"आजोबांना मोटारीत बसवलंस ते बसवलंस," त्या म्हणाल्या, "निदान पुढच्या सीटवर तरी बसव. मागे त्यांचे पाय मावायचे नाहीत."

ताई तोंडाला पदर लावून गॅलरीत गेली. भावोजी म्हणाले की आईला गंमत कळत नाही. थाप पुढे चालूच राहिली. उलट तिला नवा पुरावा मिळाला: मालकांनी स्वतः घरी जाऊन चौकशी केली होती.

पुढच्या वर्षी काकू बाथरूममध्ये घसरल्या. मी ज्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते तिथेच त्यांना आणलं. गुडघ्याच्या खाली हाड मोडलं होतं; मीच फोटो काढला. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर चढलं आणि डॉक्टरांनी बजावलं, पाय सरळ राहायला हवा, वाकवायचा नाही. घरी सोडायच्या दिवशी ताईला ऑफिसातून निघायला उशीर होणार होता, म्हणून भावोजी न्यायला आले. पिस्ता गाडी घेऊन. मी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, मोठी टॅक्सी सांगा. ते म्हणाले होते, बघतो.

दारात गाडी लागली. वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन आला. मागच्या सीटचा प्रश्नच नव्हता. पुढची सीट मागे सरकवून सरकवून किती सरकणार? काकूंना आत अर्धवट टेकवलं, तर सरळ पाय दारातून बाहेर, बंदुकीसारखा. तिरकं केलं, पाय डॅशबोर्डला अडला. पुन्हा बाहेर काढलं. काकूंच्या कपाळावर घाम होता, ओठ घट्ट मिटलेले. वॉर्डबॉयने दोन्ही हातांनी प्लास्टर धरून पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा टाचेकडची कड दाराच्या खालच्या पट्टीवर घासली.

"अरे, सांभाळून," भावोजी पुढे झाले. "पट्टीला चरा जाईल."

वॉर्डबॉयने त्यांच्याकडे बघितलं. दाराशी औषधांची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या दोन बायकांनी बघितलं. मी तर बघितलंच. फक्त काकूंनी बघितलं नाही. त्या म्हणाल्या, "मला खुर्चीत बसव, बाळ." बाळ वॉर्डबॉयला. मुलाला नाही.

भावोजींच्या तोंडावरचा रंग उडाला, पण कशामुळे, ते मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. ते खाली वाकले. मला वाटलं, आईची माफी मागतायत. त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला, चरा गेला नव्हता. मग उठून फोन काढला आणि दुकानाची व्हॅन मागवली.

व्हॅन आली. पडद्यांच्या गठ्ठ्यांमध्ये सोफ्याच्या गाद्या पसरून ड्रायव्हरने काकूंना आडवं केलं, पायाखाली एक गुंडाळी दिली. मी त्यांच्या उशाशी बसले. ड्रायव्हर खड्डा आला की आधी सांगायचा, मग सावकाश काढायचा. मागच्या काचेतून भावोजींची गाडी दिसत होती. मधेच एका सिग्नलला कुणीतरी त्यांच्याशी बोलत होतं. भावोजी हसून मान हलवत होते. मला तेव्हा जी शिसारी आली ती शब्दांत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने दुकानात सगळं सांगितलं. मालकांनी चौकशी केली, की आजोबांच्या गाडीत आजोबांची सून कशी मावली नाही. पण माणसं मोठी सोशिक असतात. आठवड्याभराने ज्याला त्याला आपापलं काम होतं. भावोजींची विक्री तेवढीच राहिली.

ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून ताईच्या सांगण्यावरून काकूंना त्याच व्हॅनमधून तळमजल्यावरच्या माझ्या घरी आणलं, भाचीही पाठोपाठ आली, आणि प्लास्टर निघेपर्यंत तिघी इथेच राहायच्या असं ठरलं. भावोजींनी विचारलं, त्यांनी काय करायचं. मी त्या वेळी तिथेच होते. ताई कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

"तुम्ही गाडीजवळ थांबा," ती म्हणाली. "तिला कुणी नाही."

मी इतकी वर्षं त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण ताईच्या या वाक्यापुढे माझ्या सगळ्या शिव्या फिक्या पडल्या. माझ्यात राग होता. तिच्यात तोही उरला नव्हता.

प्लास्टर निघालं, काकू काठी घेऊन चालायला लागल्या, तरी परत जायचं नाव कुणी काढलं नाही. भावोजी रविवारी येतात. फळं आणतात, आईच्या पायाला हात लावून बघतात, ताईला घरभाड्याचा वाटा देतात. वाईट वागतात असं कुणी म्हणणार नाही. गाडी खिडकीतून दिसेल अशी लावतात आणि बोलता बोलता दर थोड्या वेळाने तिकडे बघतात. माणूस एकटा पडून खंगला असता तर मी कदाचित विरघळले असते. पण ते खंगले नाहीत. वजन वाढलंय. त्यांनी गाडीसाठी नवीन झाकण शिवून घेतलं, दुकानातल्याच चांगल्या कापडाचं.

परवा आम्ही चौघी तळ्याकाठच्या बागेत निघालो. भावोजी म्हणाले, मीही येतो. त्यांच्या गाडीत भाचीसुद्धा बसेना, म्हणून आम्ही बसने आणि ते मागून, एकटे. बस थांब्यावर थांबली की ती पिस्ता गाडी मागे थांबायची. काकूंच्या समोर बसलेले एक वयस्कर गृहस्थ खिडकीतून तिकडे वाकून बघत होते. म्हणाले, "काय सुंदर गाडी आहे हो."

"माझ्या मुलाची आहे," काकू म्हणाल्या. आवाजात थोडा अभिमानही होता, तो मला ऐकवला नाही.

गृहस्थांनी त्यांच्या काठीकडे पाहिलं. "मग तुम्ही बसमध्ये कशा?"

काकूंनी प्रश्नाचा नीट विचार केला. "इथे पाय पसरता येतो," त्या म्हणाल्या, आणि दुखरा पाय मधल्या वाटेत सरळ ठेवून त्यांनी भाचीला विचारलं की उतरायचं कुठल्या थांब्यावर.