गोविंद गुरुजींच्या घरातली पाच माणसं

गोविंद गुरुजींचं गल्लीत कोणाशीच पटत नव्हतं आणि त्याचा त्यांना अभिमानच होता. रामकुंडाजवळच्या त्या बोळात एके काळी तीर्थोपाध्यायांची बावीस घरं नांदत होती. आता तीन उरली होती. बाकी सगळे लॉज, मोबाइलची दुकानं आणि दरवर्षी बदलणारे भाडेकरू. गुरुजी सगळ्यांवर खेकसत. दारापुढे फुलांची पाटी मांडणाऱ्या मखमलाबादच्या भागुबाईशी तर रोजच जुंपायची. "तुमची घरं ओस पडली, माझं भरलेलं आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तेवढ्या एका बढाईवर म्हातारा ताठ उभा होता.

जनगणनेच्या तृप्ती मॅडम दारात आल्या तेव्हा भागुबाई समोरच गजरे ओवत होती.

"घरात माणसं किती?"

"पाच."

"कुठली पाच?" भागुबाई ओरडली. "म्हातारा एकलाच हाय, मॅडम! पोरगं नऊ वर्सं झाली, फिरकलं नाय."

"तू फुलं वीक! माझी माणसं मोजायला तुला कोणी बसवलंय?"

मॅडम सकाळपासून उन्हात फिरून वैतागल्या होत्या. "गुरुजी, इथे राहतात तेवढेच लिहायचे असतात."

"मला शिकवू नका. माहेर कुठलं तुमचं?"

"नामपूर." त्यांनी आडनावही सांगितलं.

यजमानांच्या वंशावळीच्या वह्यांनी गुरुजींची तीन कपाटं भरली होती, पण ते जागचे हललेही नाहीत. "पणजोबा कोंडाजी. त्यांचे दोन मुलगे, सोमा आणि दत्तू. दत्तूला चार मुली आणि एक मुलगा. तो तुमचा बाप. बरोबर?"

मॅडमनी मान डोलावली.

"आमच्या वहीत परगावी गेलेल्याचं नाव खोडत नाहीत. मेलेल्याचंही नाही. लिहा पाच!"

"बरं बाबा, तुमचंच खरं." त्यांनी रागाने मोबाइलवर फॉर्म उघडला. "नावं सांगा."

"मी गोविंद. मुलगा गौरांग. सून संपदा. नातू अथर्व. आणि नात."

"नातीचं नाव?"

गौरांगने वह्या घेऊन कुंडावर बसायला नकार दिला, तेव्हा गुरुजींनीच त्याला घराबाहेर काढलं होतं. चार वर्षांपूर्वी कॅनडातून त्याचा फोन आला होता. "बाबा, मुलगी झाली. नाव ठेवलंय..." एवढं ऐकून त्यांनी फोन आपटला होता. चांगली जिरवली, म्हणून दोन दिवस खूशही होते.

"गुरुजी, नाव?"

त्यांनी मागे वळून वह्यांच्या कपाटांकडे पाहिलं. भागुबाईची सुई थांबली. "ऱ्हाऊ द्या मॅडम," ती हळूच म्हणाली. "काय बी लिवा. लेकरूच हाय ते."

इतक्या वर्षांच्या शिव्या लागल्या नव्हत्या, तेवढं ते लागलं.

"तू मध्ये बोलू नकोस!" गुरुजी ओरडले, पण आवाज फाटला. मग मॅडमकडे न बघता त्यांनी दार ओढून घेतलं. आतून एवढंच ऐकू आलं, "एक लिहा."