उसने डोळे

कुंदा गेल्याची बातमी मला पीटर अंकलकडून कळली. बोरिवलीतल्या त्यांच्या फोटो स्टुडिओत आम्ही दोघी कॉलेजात असताना काम करायचो. गेल्या महिन्यात दुकानासमोरून जाताना त्यांनी हाक मारली, आत बसवलं आणि कुंदा काविळीनं गेली, असं सांगितलं. टेबलावर तिचा लग्नातला फोटो होता. तिच्या नवऱ्यानं तो मोठा करून फ्रेम करायला दिला होता. फोटोत कुंदाची मान खाली, नजर पायाशी. अख्ख्या अल्बममध्ये ती तशीच. कॉलेजच्या ओळखपत्रावरच्या फोटोत तर नेमका डोळ्यांवरच शिक्का बसलेला. "सगलं हाय पोरी," अंकल म्हणाले, "डोलेच नाय." तिचे डोळे कुठे आहेत ते मला माहीत होतं.

दहिसरच्या चाळीतली कुंदा आणि मी सकाळच्या कॉलेजात बी.ए.ला होतो. संपात तिच्या वडिलांची गिरणी बंद पडली, तेव्हा ती स्टुडिओत टचिंगच्या, म्हणजे फोटो ब्रशनं दुरुस्त करायच्या कामाला लागली आणि मागोमाग मी काउंटरवर. पुढे नोकरीच्या अर्जात 'अनुभव' म्हणून दोन ओळी लिहिता येतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कुंदाला चित्रकला कोणी शिकवली नव्हती. अंकलनी हातात ब्रश दिला आणि ती शिकत गेली. कामं जास्त यायची ती वारलेल्या माणसांच्या फोटोंची. माणूस गेल्यावरच घरच्यांच्या लक्षात यायचं, की आपल्याकडे त्याचा एक धड फोटो नाही. मग कुठल्यातरी ग्रुप फोटोतला नखाएवढा चेहरा मोठा करायचा आणि त्यात धुरकट झालेले डोळे, भुवया, ओठ कुंदानं ब्रशनं भरायचे. डोळे भरताना ती पुढ्यात छोटा आरसा ठेवायची आणि स्वतःच्या डोळ्यांत उजेडाचा ठिपका कुठे पडतो ते बघायची. अर्ध्या बोरिवलीचे आजोबा तुझ्यासारखे बघायला लागलेत, असं मी तिला चिडवायचे. ती खूप हसायची.

आम्ही एस.वाय.ला असताना माझे बाबा गेले. त्यांचा ऑफिसच्या सहलीतला एकच फोटो होता आणि त्यातही त्यांनी नेमके डोळे मिटलेले. आई तो घेऊन स्टुडिओत आली. उघड्या डोळ्यांचे करून दे, एवढंच तिचं मागणं. कुंदानं तिला जवळ बसवून किती विचारलं... मोठे होते का, हसताना बारीक व्हायचे का. आईला रडू आवरेना, आणि मला तर ते डोळे आठवेचनात. ज्यांच्या देखत लहानाची मोठी झाले, ते डोळे! फोटो तयार झाल्यावर मी त्यावरचा कागद सोडला. बाबांच्या चेहऱ्यातून कुंदा बघत होती. माझ्या लक्षात आलंय, हे तिनं ओळखलं. एरवी आमच्याशी शहरी बोलणारी कुंदा तेव्हा तिच्या घरच्या मालवणीत म्हणाली, "दुसरे खंयसून हाडू? आवशीक सांगा नको हां."

खरंच, दुसरे डोळे ती आणणार तरी कुठून? मी आईला कधीच सांगितलं नाही. रोज संध्याकाळी दिवा लावला, की आई त्या फोटोशी चार शब्द बोलायची आणि मी वर बघायचं टाळत बाजूला उभी राहायचे. कुंदा लग्न होऊन मुलुंडला गेली, भेटी कमी झाल्या, पण आमच्या घरात ती होतीच. मला तिची भीती वाटायची, आणि तिची आठवणही यायची. पुढे पुढे बाबा आठवायला जावं तर तेच डोळे समोर यायचे. माझे खरे बाबा कुठेतरी त्यांच्या मागे राहून गेले.

अंकलकडून आले त्या संध्याकाळी मी आईला कुंदा गेल्याचं सांगितलं. तिच्या फोटोत डोळे नाहीत म्हणून अंकलचं काम अडलंय, हेही सांगितलं. बाबांच्या फोटोबद्दल अवाक्षर काढलं नाही. आई दिव्याची वात सारखी करत होती. ती उठली, स्टुलावर चढली, बाबांचा फोटो खिळ्यावरून काढला, पदरानं काच पुसली आणि तो माझ्या हातात दिला.

"घेऊन जा," ती म्हणाली. "तिचे डोळे तिला दे."

अंकलनी ते बघून बघून उतरवले. कुंदाची फ्रेम आता मुलुंडला आहे आणि बाबांचा फोटो परत त्याच खिळ्यावर. आई अजून दिवा लावून त्याच्याशी बोलते. फक्त आता आधी विचारते, "बरी आहेस ना गं?"... आणि मग बाबांशी बोलायला लागते.