मावशीच्या रक्ताचा रिपोर्ट

पाळणाघरातल्या मावशीच्या हाताखाली निम्मी गल्ली रांगायला शिकली. तोंडाने फाटकी, हाताने मऊ. पोर रडलं की म्हणायची, "रड बाबा, तेवढीच फुप्फुसं मोकळी होतात." सून नोकरीला जायची, म्हणून पाच वर्षांची नात दिवसभर तिच्यापाशीच. मावशीचा सगळा जीव त्या पोरीत.

पाळणाघराच्या बाई वर्षातून एकदा कामावरच्या सगळ्यांना रक्त तपासायला आमच्या लॅबमध्ये पाठवायच्या. रक्त मी काढायचो. फॉर्मवर एक प्रश्न असायचा: महिन्याभरात ताप येऊन गेला का? रांग मोठी असली की मी सकाळीच सगळ्या फॉर्मांवर 'नाही'पुढे खूण करून ठेवायचो. बाही वर करता करता मावशी म्हणाली, "भाऊ, मलेरियातून परवाच उठलेय. चालेल ना?"

मी म्हणालो, "मूठ आवळा."

रिपोर्टात गुप्तरोग निघाला. खात्रीची दुसरी चाचणी कुणी केलीच नाही. बाईंनी पोरांच्या आयांसमोर कागद वाचून दाखवला आणि मावशीला त्याच दुपारी घरी पाठवलं. संध्याकाळी सून नातीला घेऊन माहेरी गेली. साठीला टेकलेली विधवा बाई, आणि हा रोग! लोकांनी चवीचवीने चघळलं. त्यांच्यात मीही हसलो.

दोन महिन्यांनी मावशीने सरकारी दवाखान्यात पुन्हा रक्त दिलं. काही निघालं नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं: मलेरियाचा परजीवी रक्तात शिरला की शरीर गोंधळतं, भलत्यासलत्या अँटीबॉडी ढिगाने बनवतं. त्यातल्या काहींमुळे या चाचणीत नसलेला गुप्तरोग दिसतो. पुढे त्या आपोआप ओसरतात. तापाचं आधी कळलं असतं, तर त्या कागदावर कुणी विसंबलंच नसतं.

मावशी तडक लॅबमध्ये आली.

"भाऊ, मी सांगितलं होतं ना तुम्हाला मलेरियाचं? तेवढंच सुनेला सांगा. या नव्या कागदावर तिचा विश्वास नाही."

"फॉर्मवर तर 'नाही' आहे," मी म्हणालो.

"मला लिहितावाचता येत नाही. खूण कुणी केली?"

काचेपलीकडे लॅबचे मालक बसले होते. मी म्हणालो, "या वयात विसरायला होतं, मावशी."

तिने माझ्यासमोरच सुनेला फोन लावला. नातीने उचलला. "आजी, आई म्हणते तुला घाणेरडा रोग झालाय. खरंय?"

मावशीने फोन माझ्या तोंडापुढे धरला.

मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.